प्रोग्रेसिव्ह रॉक आणि प्रोग्रेसिव्ह हाऊस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

आहे. एक रॉक बँडचं संगीत, दुसरं क्लबांत डीजे वाजवतात ते इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत. तुम्ही म्हणता की गाणी लांबलचक असतात, एवढं सोडलं तर दोन्हींत काहीच सारखं वाटत नाही. माझ्या मते ती लांबीच महत्त्वाची आहे, फक्त ती भरायची रीत दोघांची उलटी.

रॉकवाले गाण्याचा भागच बदलून टाकतात. 'येस' या बँडचं १९७२ मधलं 'क्लोज टू दि एज' तबकडीची अख्खी बाजू व्यापतं. चार भाग, मध्येच सगळं शांत होऊन चर्च ऑर्गन घुमू लागतो. ठेकाही हलवतात. 'पिंक फ्लॉइड'चं 'मनी' (१९७३) लावा आणि बास गिटारसोबत एक ते सात मोजत राहा. गिटारचा सोलो सुरू होताच मोजणी बिघडते, कारण तिथं गाणं चारवर येतं. आणि तो सोलो एकदम मोकळा वाटतो तो त्यामुळेच!

हाऊसमध्ये ठेक्याचे चारचे चारच राहतात. सिंथची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची) एखादी ओळ आधी दबलेली, भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू येते. मग आवाज दाबून धरणारा फिल्टर हळूहळू उघडत जातो आणि तीच ओळ लख्ख होते. स्वर एकही नवा नसतो. ट्रॅकच्या दोन्ही टोकांना बहुतेक वेळा नुसता ठेका ठेवलेला असतो, डीजेला एकावर दुसरा ट्रॅक चढवता यावा म्हणून. त्यामुळे सुटा ट्रॅक ऐकला की अर्धवट वाटतो. साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंनी ट्रॅक एकात एक मिसळून केलेला अल्बम 'नॉर्दर्न एक्स्पोजर' (१९९६) सलग ऐका, गाणी वगळत नको.

आता दुवा. मॅन्युएल ग्योटशिंग हा 'अश रा टेम्पेल' या जर्मन रॉक बँडचा गिटारवादक. डिसेंबर १९८१ मध्ये त्यानं एका बैठकीत तासाभराचं 'ई२-ई४' वाजवलं. ते १९८४ मध्ये बाहेर आलं. दोनच कॉर्ड आलटूनपालटून, तेच सूर आपोआप वाजवत राहणारा सिक्वेन्सर चालू, आणि जवळपास अर्ध्या तासानंतर गिटार येते. १९८९ मध्ये इटलीत याच्यावरूनच 'स्वेन्यो लातिनो' हा ट्रॅक झाला आणि हाऊसच्या क्लबांत गाजला. 'गाँग' या रॉक बँडमध्ये गिटार वाजवलेला स्टीव्ह हिलेजही पुढे 'सिस्टिम ७' हा गट काढून डान्स संगीताकडे वळला.

तुम्ही रॉककडून येत असाल तर 'ई२-ई४'पासूनच सुरुवात करा. हेडफोन लावा आणि गिटार येईपर्यंत पुढे ढकलू नका.