मोबाईल काढून घेण्याआधी

शाळेत मुलांच्या तक्रारी ऐकायचं काम तुम्ही नव्यानेच घेतलंय, म्हणून सांगतो. ऑनलाइन छळ कळला की पालक आधी मोबाईल काढून घेतात आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. त्यांना आधीच समजवा.

ब्लॉक करण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्या. खात्याचं नाव, तारीख, वेळ, प्रोफाइलची लिंक दिसली पाहिजे. स्नॅपचॅट समोरच्याला स्क्रीनशॉटची खबर देतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. मात्र अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो असेल तर प्रत ठेवू नका, कुणाला पाठवूही नका. तो गुन्हा ठरतो. लिंक टिपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. अशी तक्रार नाव न देताही करता येते. आपल्या वाड्यांमध्ये हे फार उपयोगी, कारण त्रास देणारा पुष्कळदा भावकीतलाच निघतो आणि प्रकरण मिटवायचा दबाव येतो.

अशा छळातून येणारं या वयातलं नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसतं. झोप-भूक बिघडली, आवडता खेळ सुटला आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.

"जीव द्यावासा वाटतो का?" हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि आंब्यावर फवारायची औषधं घरच्यांना लगेच कुलुपात ठेवायला लावा.