5 एचपीच्या कॉम्प्रेसरचा सीएफएम दोन कोटेशनमध्ये वेगळा का? आणि प्रेशर कमी पडत असेल तर 10 बारचा घ्यावा का?

गणवेशाच्या युनिटसाठी तुम्हाला हवेच्या कॉम्प्रेसरची दोन कोटेशनं आलीत, दोन्ही 5 एचपी. एकात 20 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), दुसऱ्यात 15, आणि 20 वाला चांगला असं तुम्ही धरून चाललाय. धरू नका. 20 हा बहुतेक डिस्प्लेसमेंटचा आकडा असणार, म्हणजे सिलिंडरचं माप गुणिले आरपीएम. प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा म्हणजे एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी). लहान पिस्टन मशीनला ती डिस्प्लेसमेंटच्या 70-75 टक्के भरते. दोन्ही मशीनं सारखीच असतील आणि दुसरा विक्रेता खरं लिहीत असेल, असंही होऊ शकतं. 7 बार दाबाला चांगला स्क्रू कॉम्प्रेसरसुद्धा एचपीमागे साधारण 4 सीएफएम देतो. 5 एचपीच्या पिस्टनला 20 एफएडी मिळतो असं कोणी म्हणालं, तर तसं लेखी मागा.

आता 10 बारचं. ह्याच मुद्द्यावर मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भांडलोय, म्हणून लिहायला बसलो.

टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये मी मेंटेनन्सला होतो. पॅडिंग मँगल म्हणजे रंगात बुडवलेलं कापड पिळायचं मशीन, त्याचे रोलर हवेच्या सिलिंडरनं दाबले जातात. तो दाब हलला की कापड सारखं पिळलं जात नाही, आणि काठाचा रंग वेगळा, मधला वेगळा येतो. असे लॉट परत यायला लागले आणि खापर फुटलं डाईंग मास्तरांवर. खरेदी बघायचे मालकांचे मेहुणे. ते म्हणाले, प्रेशर वाढवा. कॉम्प्रेसर 10 बारचा होता, दाब 7 वरून 9 वर नेला. थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. मग म्हणाले, मोठा स्क्रूच घेऊ. मी म्हटलं, साहेब, आधी गळती मोजू. त्यावर त्यांचं उत्तर होतं, "हवा काय विकत आणतो का आपण? गळली तर गळली."

हे वाक्य मला आजही झोंबतं. ती हवा विजेच्या बिलातूनच येते. दर एका बारला वीज 6-7 टक्के वाढते. शिवाय 7 चे 9 केले की त्याच भोकांतून हवा सव्वापट गळते.

सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीनच्या हवा बंद केल्या, कॉम्प्रेसर एकटाच चालू ठेवला. हवा कोणीच वापरत नव्हतं, तरी तो 4 मिनिटं लोडवर (हवा भरत) आणि 6 मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत) जात होता. एफएडी 100 सीएफएम. म्हणजे 10 मिनिटांतली 4 मिनिटं तो फक्त गळतीच भरत होता, 40 सीएफएम, साधारण 10 एचपी. साबणाचा फेस घेऊन लाईनभर फिरलो. कपलिंग गळत होत्या, रुई उडवायच्या एअर गनच्या नळ्या चिरलेल्या होत्या, आणि एक ड्रेन व्हॉल्व्ह तर कोणीतरी कायमचा अर्धा उघडा ठेवलेला होता.

आणि मुख्य दुखणं निघालं पाईपचं. मँगलला जाणारी लाईन अर्ध्या इंचाची, त्याच लाईनवर एअर गन. गन चालू झाल्या की कॉम्प्रेसरच्या गेजवर 7 आणि मँगलपाशी साडेचार! इथे जास्त बारचा कॉम्प्रेसर आणून मूळ दुखणं गेलं नसतं. लाईन एक इंचाची केली, मँगलजवळ छोटा रिसीव्हर (हवेची टाकी) बसवला, हवा मागे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट, गळती बंद केली. मग साडेसहा बारला सगळं चालायला लागलं आणि रंगाची तक्रार थांबली. मेहुण्यांनी मात्र शेवटपर्यंत मानलं नाही. पाऊस पडून हवा गार झाली म्हणून फरक पडला, असं ते मालकांना सांगत राहिले. ओढून घेतलेली हवा 4 अंशांनी गार झाली तर वीज जेमतेम 1 टक्का वाचते, मँगलचा दाब त्यानं सुधारत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली कॉम्प्रेसर ठेवू नये हे खरंच, पण तो मुद्दा वेगळा.

म्हणून तुम्हीही आधी लांबच्या टोकाच्या मशीनपाशी गेज लावा, आणि काम जोरात चालू असताना बघा. कॉम्प्रेसरपाशी 7 आणि तिथे 5 असेल तर पैसे पाईपवर घाला. खरेदी घरातलंच कोणी बघत असेल तर त्यांना तिथे उभं करून आकडा वाचायला लावा.

अर्थात, कॉम्प्रेसर न थांबता चालूनही त्याच्याच गेजवर दाब चढत नसेल आणि गळतीही नसेल, तर हवा खरोखरच कमी पडतेय. तेव्हा जास्त सीएफएमचा घ्या, जास्त बारचा नाही. पिस्टन की स्क्रू विचारलंत, तर तुमची बटण-प्रेसिंग आणि धागा कापायची मशीनं थांबून थांबून हवा घेतात, त्यांना पिस्टन पुरेल. स्क्रू अनलोडवरसुद्धा पाव ते एक तृतीयांश वीज खातो. पावसाळ्यात कापडावर पाण्याचे थेंब पडू द्यायचे नसतील तर हवेतला ओलावा काढणारा ड्रायर लागेल. आणि हवेच्या लाईनला पीव्हीसी पाईप कोणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा, ती फुटली की तुकडे अंगावर येतात.