‘विज्डम’ला मराठीत शहाणपण म्हणावं की प्रज्ञा?

एका अनुवादकाने विचारलं आहे : मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि बौद्ध साधना अशा तिन्हींना स्पर्श करणाऱ्या लेखाचा अनुवाद करतो आहे. ‘विज्डम’साठी सगळीकडे ‘प्रज्ञा’ वापरू का? ‘शहाणपण’ फार घरगुती वाटतं.

एकच शब्द सगळीकडे नको. आणि घरगुती आहे म्हणून ‘शहाणपण’ तर मुळीच सोडू नका.

आजच्या मराठीत ‘प्रज्ञा’ दोन घरांत नांदते. ‘राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा’ म्हणताना आपल्या मनात शाळकरी मुलांची तल्लख बुद्धी असते. बौद्ध परंपरेतली प्रज्ञा, पालीतली ‘पञ्ञा’, मात्र हुशारीपेक्षा फार वेगळी. सञ्ञा (नुसती ओळख), विञ्ञाण (जाणीव) आणि पञ्ञा या तिन्ही शब्दांचा धातू एकच, ‘ज्ञा’. पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात या तिघांतला फरक नाण्यांच्या राशीवरून समजावला आहे. लहान मुलाला दिसतात नुसते आकार आणि नक्षी, ही सञ्ञा. खेडुताला तेही दिसतं, शिवाय नाण्याला किंमत आहे हे कळतं, हे विञ्ञाण. सराफ मात्र नाणं बघून, वाजवून, हुंगून, चाखून, तळहातावर तोलून खरं-खोटं ओळखतो. ते कुठल्या गावी, कुणाच्या हातून घडलं हेही सांगतो. त्या सराफाचं जाणणं म्हणजे पञ्ञा. मला हा दृष्टान्त फार आवडतो, कारण ‘प्र’ या उपसर्गात काय भरलं आहे ते त्यातून हाताला लागतं.

इथे अनुवादकासाठी एक खड्डा आहे. पञ्ञेचे तीन प्रकार सांगितले जातात : सुतमया, चिंतामया, भावनामया. ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि तिसरी... ‘भावनामय प्रज्ञा’ असं लिहिलंत की मराठी वाचक ती हळवी समजणार! पालीत ‘भावना’ म्हणजे मन घडवणं, वाढवणं, ध्यानाचा सराव. म्हणून ‘साधनेतून आलेली प्रज्ञा’ असं सरळ लिहा. ‘चिंता’लाही तसंच जपा, इथे ती काळजी नाही, चिंतन आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी मे 1956 मध्ये बीबीसीवरच्या भाषणात प्रज्ञेचा अर्थ अंधश्रद्धा आणि अलौकिकवाद यांच्या विरुद्ध असलेली समज असा सांगितला. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाच्या कानात ‘प्रज्ञा, शील, करुणा’ मुरलेलं आहे. त्या संदर्भात दुसरा शब्द घालणं मला तरी चूक वाटतं.

आता मानसशास्त्र. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांचे सहकारी शहाणपण मोजण्यासाठी लोकांपुढे एखादा पेच ठेवत : 15 वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचं आहे, काय विचारात घ्यावं, काय करावं? ‘छे, मुळीच नाही’ एवढ्यावर थांबणाऱ्याला कमी गुण. तिची परिस्थिती, तिचा समाज, पुढचं न दिसणारं असं सगळं धरून बोलणाऱ्याला जास्त. याला प्रज्ञा म्हटलं तर विनाकारण जड होतं. आपल्याकडे याला शहाणपणच म्हणतात.

फक्त एका कान्याकडे लक्ष असू द्या. ‘शहाणपण’ हा गुण. ‘शहाणपणा’ हा बहुतेकदा आगाऊपणा. ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ हे कोणी कौतुकाने म्हणत नाही. शिवाय शहाणपणात धूर्तपणाचीही छटा आहे. पेशवाईतले साडेतीन शहाणे, म्हणजे सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस, राजकारणातल्या मुत्सद्देगिरीसाठी शहाणे ठरले, मनःशांतीसाठी नव्हे.

राहिला अ‍ॅरिस्टॉटल. तो ‘सोफिया’ (मूलभूत तत्त्वांचं ज्ञान) आणि ‘फ्रोनेसिस’ (प्रसंगी काय करावं याची समज) वेगळे ठेवतो. तरुण माणूस उत्तम भूमिती जाणेल, पण फ्रोनेसिसला अनुभव लागतो, असं त्याचं म्हणणं. या दुसऱ्या शब्दासाठी ‘व्यवहारज्ञान’ लिहितात. मला ते अपुरं वाटतं, त्याला बाजारभावाचा वास येतो. मी ‘तारतम्य’ सुचवेन. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे तुलनेचे दोन प्रत्यय जोडून हा शब्द झाला आहे. या प्रसंगी काय अधिक, काय सर्वांत अधिक, हे ज्याला उमगतं त्याला आपण ‘तारतम्य आहे’ म्हणतो. सोफियासाठी ‘तत्त्वज्ञान’ घेऊ नका, ते शास्त्राचं नाव झालं आहे. ‘तात्त्विक ज्ञान’ चालेल.