रात्री घरात अचानक पुराचं पाणी शिरलं तर आधी काय वाचवावं? आम्ही तळमजल्यावर राहतो, दारात कार उभी असते.

काहीच वाचवू नका. मेन स्विच पाडा आणि माणसं घेऊन वर जा. उत्तर इथंच संपलं, पण तुम्ही कारचं नाव काढलंत म्हणून पुढचं लिहितोय.

आम्ही नागपूरचे. घर अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून. 22 सप्टेंबर 2023 ला महालक्ष्म्यांचं जेवण झालं, घरात चौदा माणसं, हॉलभर गाद्या. मध्यरात्रीनंतर असा धो धो कोसळला की बाजूला झोपलेल्याचं बोलणं ऐकू येईना. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला, हे सगळं नंतर समजलं. आम्हाला आधी कळलं ते मोरीतून. जाळीतून झुरळं निघाली, मग गुडगुड, मग संडासाचं भांडं उलटं भरायला लागलं. दाराला कितीही पोती लावा, पाणी आतूनच येतं. (वाळूची पिशवी त्या भांड्यात दाबून ठेवायची, हे आता कळतं.)

मी बोर्डाकडे धावलो, दादा किल्ली घेऊन गाडीकडे. "काहून बे, गाडी बुडू देऊ का?" पाणी तोवर बंपरच्या वर गेलेलं. त्यानं स्टार्टर मारला, इंजिन खोकललं आणि बंद. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा ठक्क असा आवाज आला. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉडच वाकतो. नुसती उभी बुडाली असती तर गॅरेजवाल्यानं साफ करून, ऑइल बदलून चालू केली असती. स्टार्टर मारला म्हणून विम्याच्या सर्व्हेअरनं इंजिनाचा खर्च कापला, आणि इंजिनाचं जादा विमा कव्हर दादानं घेतलं नव्हतं.

दादा अजून म्हणतो, दहा मिनिटं आधी उठवलं असतं तर गाडी उड्डाणपुलावर राहिली असती. कोणत्या रस्त्यानं नेली असती? फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. पुलापर्यंत पोचायच्या आधीच गाडीसकट तो नदीत गेला असता.

त्या रात्री शहाणपण एकट्या आईनं दाखवलं. दोन्ही मुखवटे पदरात, नातू कडेवर, आणि कुणाला काही न विचारता ती जिन्यावर. पहाटे वरच्या पायरीवरून पाहिलं तर फ्रिज आडवा तरंगत होता आणि गॅसचं सिलिंडर त्याला धडका देत होतं. पुरणाचं पातेलं सोफ्यावर.

हो, मेन स्विचबद्दल एक राहिलं. पायाखाली पाणी आलं असेल तर बोर्डाला हात लावू नका, मी लावला तो मूर्खपणा होता. आणि इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही घरात करंट राहतो, तो कोरड्यातच बंद करावा लागतो. आमचा जिन्याखाली होता, आता वर नेला. तुम्हाला वरचा मजला नसेल तर कुणाच्या गच्चीवर जायचं ते आजच बोलून ठेवा. फोन 112 ला. पाणी ओसरल्यावर संपमधलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी उपसून टाका, पिऊ नका.

दादानं नवी गाडी घेतली. जून लागला की ती रात्री सेमिनरी हिल्सला मेव्हण्याच्या दारात असते. तिथं पार्किंग चांगली मिळते म्हणे.