"सोशल मीडिया तू बघ" म्हणाले आणि डॉक्टरांची झोप गेली

मागच्या दीड-दोन वर्षांत माझ्याकडे लातूरला समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मंडळींकडून एक काळजी सारखी ऐकू येतेय. ऑफिसनं, कॉलेजनं नाहीतर संघटनेनं कुठल्यातरी मोठ्या कार्यक्रमाचं सोशल मीडिया अंगावर टाकलेलं असतं, आणि मग पोटात गोळा, रात्री तीनला जाग, डोक्यात एकच, "सगळ्यांसमोर चूक झाली तर?" घरच्यांना वाटतं मोबाइलचं तर काम आहे, त्यात काय टेन्शन. म्हणून ही एक केस सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि ज्यांची आहे त्यांना वाचायला देऊनच लिहितेय.

ते पशुवैद्यक, वय तिशीच्या आत, उदगीरकडचे, दिवसभर गोठ्यातनं गोठ्यात फिरणारे. त्यांच्या व्यवसायाची राज्यभराची परिषद लातूरला व्हायची होती, दोन दिवस, तीन हॉल, सहा-सातशे डॉक्टर, चाळीसच्या आसपास भाषणं. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, देवणीचा वळू दोरी लावून आडवा पाडतो मी, त्याचं काही वाटंना, पण मोबाइल वाजला की हात थरथरायलेत बघा."

मी त्यांना आधी श्वासाचा व्यायाम दिला. त्यांनी मन लावून केला, आठवडाभर केला, आणि परत आले तेव्हा झोप तशीच उडालेली होती. मग मी विचारलं, हे काम तुम्हाला कुणी, कसं सांगितलं तेवढं दाखवा. त्यांनी फोन पुढं केला. कमिटीच्या ग्रुपवर एक ओळ होती, "सोशल मीडिया तू बघ, जोरात झालं पाहिजे." बस. त्याच्या खाली अकरा जणांचे अंगठे.

मी म्हटलं, पोस्ट टाकायच्या आधी "हो, टाका" असं कोण म्हणणार? ते जरा थांबले आणि म्हणाले, "सगळेच." म्हणजे अकरा जण सूचना करणार, कुणी म्हणणार रंग बदल, कुणी म्हणणार अमुक सरांचा फोटो वर घे, आणि चुकलं की बोट एकाकडेच. काम दिलं होतं, पण त्या कामाचा अधिकार कुणी दिलाच नव्हता. अशा माणसाला झोप येत नाही यात आजार काही नाही, त्याची परिस्थितीच तशी आहे, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं.

खाली अजून एक जुनी जखम होती. आदल्या वर्षी एका छोट्या बैठकीच्या वेळी त्यांनी एका ज्येष्ठ पाहुण्यांच्या फोटोखाली भलतंच आडनाव टाकलं होतं. पाहुण्यांचा स्वतः फोन आला, ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला, कुणीतरी लिहिलं की आजकालच्या पोरांना माणसं ओळखू येत नाहीत. ते वाक्य ह्यांना तोंडपाठ होतं, तारखेसकट. मी त्यांना अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला, थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली छापलेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? ते म्हणाले जवळपास निम्म्यांनी, आणि खरं पाहिलं होतं साधारण पाव जणांनी. डॉक्टर ऐकून म्हणाले, "पण मॅडम माझं तर पाहिलं की वो, स्क्रीनशॉट काढला." बरोबर होतं त्यांचं. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, त्या बैठकीत दुसऱ्या कुणाच्या काय चुका झाल्या ते सांगा. त्यांना एकही आठवेना, आणि यावर ते बराच वेळ गप्प बसले.

मग आम्ही वही काढली. भीती एकेक करून लिहायची आणि प्रत्येकीसमोर कोण, कधी, काय एवढंच. पहिली भीती अर्थात नाव चुकण्याची. त्यावर त्यांनीच काढलेला उपाय मला फार आवडला, प्रत्येक वक्त्याला पंधरा दिवस आधी व्हॉट्सॲपवर त्यांचं नाव, पद, गाव टाइप करून पाठवायचं आणि विचारायचं "असंच लिहू ना सर?" आणि जे उत्तर येईल तेच कॉपी करायचं, हातानं परत टाइप करायचंच नाही. दुसरी भीती, तीन हॉलमध्ये एकाच वेळी भाषणं, एकटा कुठं कुठं पळू? तर पळायचं नाही. पशुवैद्यक कॉलेजची तीन मुलं तीन हॉलमध्ये बसवायची, त्यांनी फोटो आणि दोन ओळी पाठवायच्या, आणि डॉक्टरांनी कुठल्याच हॉलमध्ये न बसता बाहेर टेबलावर बसून फक्त तपासायचं आणि टाकायचं. हे पटायला वेळ लागला, कारण त्यांना भाषणं ऐकायची होती. शेवटी एक भाषण निवडलं, लाळ्या-खुरकुतावरचं, तेवढा वेळ टेबल दुसऱ्याकडे.

काय टाकायचं नाही हे ठरवण्यात आमची अख्खी एक भेट गेली, आणि मला वाटतं खरा आराम त्यांना तिथंच पडला. आपल्याकडं सत्कार म्हणजे नाजूक जागा, शाल-श्रीफळाचा एक फोटो राहिला तरी माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. म्हणून सत्काराची वेगळी पोस्टच नाही असं ठरलं, संध्याकाळी सगळे फोटो एकत्र, इन्स्टाग्रामला एका पोस्टमध्ये 20 पर्यंत बसतात, उरलेले दुसऱ्या पोस्टमध्ये, आणि क्रम कार्यक्रमपत्रिकेतला. त्याहून गंभीर गोष्ट स्लाइडच्या फोटोंची. अजून छापून न आलेलं संशोधन कुणी दाखवत असेल तर ते विचारल्याशिवाय बाहेर टाकणं म्हणजे त्याच्या कष्टावर पाणी. आणि आजारी जनावराच्या फोटोत शेतकऱ्याचा चेहरा, गावाचं नाव असेल तर? 2022 ला लंपी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, आणि तो आजार माणसाला होत नाही तरी लोक दुधाला घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, "गावाचं नाव गेलं तर त्या माणसाचं दूध कोण घेईल, मॅडम?" हे सांगताना त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. मी ते त्यांना दाखवून दिलं. त्यांच्या धंद्यातली समज मोबाइलवर पण तशीच चालते, हे त्यांना तोवर वाटतच नव्हतं.

बारीकसारीक गोष्टी पण त्यांनी आवडीनं लिहिल्या. हॅशटॅग एकच, छोटा, मधे स्पेस नाही, कारण स्पेस आली की तो तिथंच तुटतो, आणि आधी शोधून बघायचं की दुसऱ्या कुणाचा तर नाही. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, फुकटच्या खात्याला 280 अक्षरं आणि देवनागरीत काना-वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळं मराठी वाक्य वाटतं त्याच्या आधीच संपतं. मुलांनी फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो. सहाशे फोन एका छताखाली आले की नेट रडतं, म्हणून व्हिडिओ रात्रीच.

चूक होणारच हे धरून तिची ओळ पण आधीच लिहून ठेवली, "आधीच्या पोस्टमध्ये चूक झाली होती, दुरुस्त केली आहे, क्षमस्व." व्हॉट्सॲपचा मेसेज 15 मिनिटांत बदलता येतो, इन्स्टाग्रामची कॅप्शन नंतरही बदलता येते, एक्सवर फुकटच्या खात्याला एडिट नाही, काढून परत टाकायचं. हे लिहून झाल्यावर ते म्हणाले, म्हणजे चुकल्यावर करायचं काय हे मला माहितीच नव्हतं की, म्हणून मी रात्रभर तेच तेच घोकायलो होतो.

पण सगळ्यात अवघड राहिलं होतं ते कमिटीच्या सचिव सरांकडं जाऊन पोस्टला हो म्हणणाऱ्या एकाच माणसाचं नाव मागणं. सरावासाठी मी सर झाले आणि ते स्वतःच राहिले. पाच वेळा केलं, पाचही वेळा शेवटी त्यांच्या तोंडून "आपण म्हणाल तसं सर" एवढंच निघालं. आपल्याकडं मोठ्यांना अट घालणं म्हणजे उद्धटपणा असंच लहानपणापासून कानावर पडतं, त्यांच्या वडिलांनी पण तेच सांगितलेलं. म्हणून वाक्य असं केलं की त्यात नकार नव्हता, "सर, मी करतो, मनापासून करतो, पण पोस्टला हो म्हणायला एकच माणूस द्या आणि त्या दोन दिवसांत त्यांचा फोन मला लागला पाहिजे." हे त्यांनी गाडीवर येता-जाता पाठ केलं. सर आधी चिडले, एवढ्याशा कामाला काय एवढं म्हणाले, डॉक्टर त्या रात्री परत झोपले नाहीत, आणि दोन दिवसांनी सरांनीच एका प्राध्यापक मॅडमचं नाव ग्रुपवर टाकलं.

झोपेसाठी एकच गोष्ट वेगळी केली. संध्याकाळी सात ते साडेसात चिंतेची वेळ, तेव्हा वही घेऊन बसायचं आणि पोटभर काळजी करायची, रात्री विचार आला तर "उद्या सातला" म्हणायचं, आणि नऊनंतर फोन आईकडं. आई तो स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं ठेवायच्या. हेही सांगते, झोपेविना दोन-तीन आठवडे जात असतील, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल तर वही पुरत नाही, डॉक्टरांना भेटा, आणि 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

परिषद झाली. पहिल्या दिवशी दुपारी दोन भाषणांची शीर्षकं एकमेकांच्या फोटोखाली गेली. डॉक्टरांनी त्या प्राध्यापक मॅडमना फोन लावला, ठरलेली ओळ टाकली, सगळं मिळून दहा मिनिटं गेली. "पोटात गोळा आलाच मॅडम," नंतर म्हणाले, "पण हात कामाला लागले होते." एका ज्येष्ठांनी सत्काराचा फोटो लगेच का नाही म्हणून फोन केलाच, त्यांना संध्याकाळी सातचं सांगितलं, सातला टाकला.

शेवटच्या भेटीला ते येळवस, म्हणजे आपल्याकडची शेतातली वेळ अमावास्या, करून आले होते, पिशवीत डबाभर भज्जी आणि बाटलीत आंबील. पुढच्या वर्षीही तूच बघ म्हणालेत, असं सांगत होते. मी विचारलं, मग काय म्हणालात? "म्हटलं करतो सर, फक्त हो म्हणायला तेव्हा पण त्याच मॅडम द्या." फोन अजूनही नऊनंतर आईकडंच असतो.