दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फाईली दाखव

ताई, तू लिहिलं ना, 'भांडण झालं की हा आता सोडून जाईल असं वाटते म्हणून मी हो म्हणते, कंडोमचं भान राहत नाही, मग दोन दिवस स्वतःचीच किळस येते, अन् बीपीडीच्या (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, मनाचा आजार) डॉक्टरला हे सांगायची लाज वाटते', ते वाचलं अन् मी पोळ्या अर्ध्यावर टाकून लिहायला बसली. दहा वर्षांआधी माझं हेच होतं. मी डॉक्टर नाही, भोगलेलं सांगते. अन् बीपीडीवाल्या सगळ्या अशाच असतात असं नाही, काहींना तर जवळ कोणी आलेलंच चालत नाही.

कंडोमचं तुला माहीत आहे, ते सोडते. माझी चूक वेगळी होती. मूडसाठी मला कार्बामाझेपिन चालू होती, अन् गर्भ राहू नये म्हणून रोजच्या गोळ्या दुसऱ्या गावच्या डॉक्टर बाईंकडून आणायची. बाईंनी सरळ विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी नाही म्हटलं. मानसिकची फाईल तेव्हा पिशवीतच होती, दुपट्ट्याखाली दाबून. कार्बामाझेपिनमुळे लिव्हर त्या गोळीतले हार्मोन लवकर संपवते, रोज न चुकता घेऊनही भरवसा राहत नाही, हे मला पाळी चुकल्यावर कळलं. 72 तासवाली गोळीपण तिच्यासोबत कमजोर पडते, तिथं तांबी बरी. पण म्हणून मेंदूची गोळी मनानं बंद करू नको, डॉक्टरांना बदलून माग.

मग गर्भ पाडायला दवाखान्याच्या तीन चकरा. कापूस वेचणीचे दिवस, मजुरी बुडवून एसटीनं जायचं अन् खिडकीवरचा माणूस सगळ्या लाईनीसमोर म्हणे, नवऱ्याची सही आणा. मी माहेरी राहून राहिली होती, कुठून आणू सही? दोन आठवडे तसेच गेले. कायद्यात नवऱ्याची सही लागतच नाही! 2021 च्या दुरुस्तीपासून 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरते, अन् साधन फेल गेलं हे कारण लग्न न झालेलीलाही चालते. पण मले तेव्हा सहीचं हे कोण सांगणार होतं. लिहितानाही संताप येते.

असुरक्षित झालंच असेल तर एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागते, 28 दिवस घ्यायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. अन् ती भांडणाची रात्र असते ना, तेव्हा मी बादलीतल्या गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखते, डीबीटीवाल्या (भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) मॅडमनं शिकवलं, हृदयाचा त्रास असेल तर करू नको. बोलायला कोणी नसेल तर 14416 लाव, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात.

तुझ्या गोळीचं नाव इथं टाक. पाकिटावर मोठं छापलेलं नाही, त्याच्या खाली बारीक अक्षरात असते ते.