दर प्रिंटला हमालीचा आकडा वेगळा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. वसमतला हळदीच्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्यांची) एक्सेल शीट ठेवता, नवी पट्टी टाकली की तोलाईची बेरीज भलतीच फुगते, आणि एक्सेल हूं की चूं करत नाही. मागं आमचंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

हे दुखणं बहुधा सर्क्युलर रेफरन्सचं, म्हणजे फॉर्म्युला फिरून स्वतःच्याच सेलचा आकडा धरतो. बहुतेक वेळा कारण फालतूच असतं. आमच्यात एफ ४१ या सेलमध्ये बेरीज होती आणि तिची रेंज एफ २ ते एफ ४१. म्हणजे बेरीज स्वतःलाच मोजत होती. एरवी एक्सेल लगेच अडवतं. मला अडवलं नाही, आणि खरी गोम तिथंच होती.

तेव्हा मी उदगीरकडच्या एका शेतकरी कंपनीचे हिशोब बघायचो. तुरीच्या खरेदीचं हमालीचं देयक १८,४६० रुपयांचं. एका कार्यालयात नेलं (नाव घेत नाही). म्हणाले, जावक क्रमांक राहिला, टाकून आणा. मी तेवढा क्रमांक टाइप केला, प्रिंट काढली, खाली बघितलंच नाही. हमाली ३६,९२०! पुन्हा दुरुस्ती करून नेलं, तर ५५,३८०. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि माझ्याकडं असं बघितलं, की मीच मधल्या मधे पैसे हाणतोय. हमालांचे पैसे सव्वा महिना अडकले. रोज दारात विचारायला येणारी माणसं ती, त्यांना काय फॉर्म्युला समजावून सांगणार?

आता गंमत ऐका. चूक माझीच होती, पण इशारा गिळला होता त्याच कार्यालयानं पाठवलेल्या नमुना फाइलीनं. नोंद केली की तारीख आपोआप पडावी आणि नंतर बदलू नये, म्हणून त्यांच्या कुणीतरी त्यात इटरेटिव्ह कॅलक्युलेशन (असा फिरता फॉर्म्युला इशारा न देता मोजायची सेटिंग) चालू केलं होतं, मॅक्सिमम इटरेशन्स, म्हणजे एका वेळच्या फेऱ्या, १ ठेवून. ही सेटिंग एक्सेल सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडलेल्या फाइलीवरून उचलतं आणि नंतर उघडलेल्या सगळ्यांना लावतं. मी रोज सकाळी आधी त्यांचा नमुना उघडायचो. वर माझी फाइल सेव्ह केली की ती सेटिंग माझ्याही फाइलीत मुरायची. फेऱ्यांचा आकडा १०० असता, म्हणजे एक्सेलचा मूळचा, तर बेरीज एका दमात लाखांत गेली असती आणि मी तिथंच दचकलो असतो. १ असल्यामुळं पहिल्यांदा ती बरोबरच दिसली, मग प्रत्येक बदलाला १८,४६० नं चढत गेली. कार्यालयाला फोन केला तर उत्तर काय, "तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस असंल."

तुम्ही आधी सगळ्या फाइली बंद करा. एक्सेल नव्यानं उघडून फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथं जा, 'एनेबल इटरेटिव्ह कॅलक्युलेशन'ची खूण काढा, मग तुमची फाइल उघडा. खूण परत आलेली दिसली तर पुन्हा काढून सेव्ह करा. आता इशारा येईल. फॉर्म्युलाज टॅबवर एरर चेकिंगशेजारचा बाण दाबला की सर्क्युलर रेफरन्सेसमध्ये सेलचा पत्ता मिळतो. खाली डाव्या कोपऱ्यात नुसतेच शब्द दिसले, पत्ता नसला, तर चूक दुसऱ्या शीटवर आहे. (हे विंडोजवरच्या एक्सेलचं सांगतोय. गूगल शीट्समध्ये ही सेटिंग त्या त्या फाइलीपुरतीच असते.)

यूट्यूबवर इशारा घालवायला हीच खूण करा म्हणून सांगतात. माझ्या मते हिशोबाच्या फाइलीत ती कधीच करू नये. कुणी म्हणेल, कमिशन वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर १० टक्के कमिशन काढायचं तर फिरता फॉर्म्युला लागतोच. कशाला? नफ्याला १० नं गुणा, ११० नं भागा. १,१०,००० वर १०,००० बरोबर येतात. मी सीए नाही, पण एवढं गणित शाळेतलंच आहे.

आणि बेरीज नोंदींच्या खाली ठेवूच नका. वेगळ्या शीटवर ठेवा. ओळी वाढवताना रेंज ओढली जाते आणि घोळ तिथंच होतो.

तो नमुना अजून तसाच येतो. मी आता बाकी सगळं बंद करून तो एकटाच उघडतो, भरतो, एक्सेल बंद करतो. तुमच्याकडं सकाळी पहिली कुठली फाइल उघडता, तेवढं कळवा.